जोन्स की रिचर्डसन? सरावाच्या बातम्यांवरून क्वार्टरबॅक कसा जोखावा

समजा, अमेरिकन फुटबॉलच्या ऑगस्टमधल्या एका सरावानंतर बातमी आली: एका क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचे, १२ पैकी ९ पास पूर्ण, दुसऱ्याचे १२ पैकी ६. वाचणारा मनातल्या मनात निकाल लावून मोकळा होतो. पण पहिल्याच्या नऊपैकी चार पास शेजारच्या रनिंग बॅकच्या हातात दोन-तीन यार्डांवर टेकवलेले असतील आणि दुसऱ्याच्या सहा फुकट गेलेल्या पासांपैकी दोन झेलणाऱ्याच्याच हातून निसटलेले असतील, तर दोघांचा दिवस जवळजवळ सारखाच गेला म्हणायचा. शिवाय कोण पहिल्या फळीबरोबर खेळला आणि कोण दुसऱ्या, ही त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट बातमीच्या तळाशी एका वाक्यात येते. कधी कधी येतच नाही.

एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे ट्रेनिंग कॅम्प जुलैच्या अखेरीस सुरू होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हंगाम. मधल्या पाच-सहा आठवड्यांत, क्वार्टरबॅकची जागा रिकामी असलेल्या संघाबद्दल रोज काहीतरी छापून येतं. न्यू जर्सी किंवा डॅलसमध्ये ऑफिसच्या फॅन्टसी लीगसाठी (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळणारा खेळ) खेळाडू निवडणारे असोत, की पुण्यात बसून रविवारी रात्री साडेदहाला पहिला सामना लावणारे, ज्याला या बातम्यांवरून मत बनवायचं आहे त्याच्यासाठी हा आढावा आहे. उदाहरण २०२५ च्या इंडियानापोलिस कोल्ट्सचं घेतलं आहे: डॅनिएल जोन्स विरुद्ध अँथनी रिचर्डसन. त्या चुरशीचा निकाल हाती असल्यामुळे कोणत्या बातमीत तो आधी दिसत होता आणि कोणत्या बातमीने दिशाभूल केली, हे ताडून पाहता येतं.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. नीट वाचल्या तर या बातम्या ‘सुरुवात कोण करणार’ हे बऱ्यापैकी सांगतात. ‘तो किती चांगला खेळणार’ हे जवळजवळ सांगतच नाहीत. आणि पूर्ण पासांचा आकडा यांपैकी एकाही प्रश्नाचं धड उत्तर देत नाही.

कॅम्पला येतानाची शिदोरी

रिचर्डसन २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या कार्यक्रमात, चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. फ्लोरिडा विद्यापीठाकडून सुरुवातीपासून खेळलेले सामने अवघे १३. पहिल्या हंगामात चार सामने खेळला आणि खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर बसला. २०२४ मध्ये ११ सामन्यांत २६४ पास टाकले, १२६ पूर्ण झाले, म्हणजे ४७.७ टक्के. टचडाउन पास ८, इंटरसेप्शन (बचावाने झेललेले पास) १२. त्या वर्षी लीगची सरासरी ६५ च्या आसपास होती. पण पूर्ण झालेल्या प्रत्येक पासामागे १४ यार्डांहून जास्त कमाई, शिवाय धावून ४९९ यार्ड आणि ६ टचडाउन. त्याचा हात आणि पाय, दोन्ही दुर्मीळ.

जोन्सला न्यू यॉर्क जायंट्सनी २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलं होतं. २०२२ मध्ये १५ टचडाउन पास, फक्त ५ इंटरसेप्शन, धावून ७०८ यार्ड आणि प्लेऑफमध्ये एक विजय. मग मोठा करार, गुडघ्याची दुखापत, घसरण, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुक्तता. मिनेसोटात काही आठवडे काढून मार्च २०२५ मध्ये तो कोल्ट्सकडे आला, एका वर्षासाठी, १ कोटी ४० लाख डॉलरवर.

बातम्यांच्या नोंदी ठेवायच्या वहीत ही माहिती पहिल्या पानावर हवी. खऱ्या सामन्यातले २६४ पास कॅम्पमधल्या कितीही गोड बातम्यांनी पुसले जात नाहीत. ४७.७ टक्केवाला खेळाडू आठवडाभर सरावात ६५ टक्के पास पूर्ण करू लागला, तर ‘सुधारला’ म्हणण्याआधी तो कोणासमोर आणि कुठल्या प्रकारच्या सरावात टाकतोय ते बघावं.

आकड्यांवर किती भार टाकावा

थोडं गणित करू. जागेसाठी दोघांत चुरस असते तेव्हा अकरा विरुद्ध अकराच्या सरावात एकेकाच्या वाट्याला दिवसाला साधारण १० ते १५ पास येतात. १२ धरू. दोघंही अगदी समान, ६५ टक्क्यांचे खेळाडू आहेत असं मानलं, तरी चार दिवसांतून एकदा त्यांच्यात तीन किंवा त्याहून जास्त पासांचा फरक निव्वळ योगायोगाने दिसेल. म्हणजे ज्या ‘९ विरुद्ध ६’ वर लोक रात्रभर वाद घालतात तो फरक दर आठवड्याला एक-दोनदा आपोआप पडतो. पूर्ण कॅम्पचे १५ सराव धरले तर प्रत्येकी १८० पास होतात. तेव्हाही शंभरात सात-आठ पासांचं अंतर नशिबाचं असू शकतं.

त्यात मोजणारे वेगवेगळे. मुद्दाम सीमेबाहेर फेकलेला चेंडू एक जण चुकलेला पास धरतो, दुसरा सोडून देतो. सर्वांत मोठा घोळ सॅकचा, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडण्याचा. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची, बहुधा लाल जर्सी असते आणि त्याला कोणी हात लावायचा नसतो. बचावपटू त्याच्या बाजूने निघून जातो, सामन्यात तो तिथेच आडवा झाला असता. पण शिट्टी वाजत नाही, खेळ चालू राहतो आणि दोन सेकंदांनी ४० यार्डांचा सुंदर पास जातो. एका बातमीत तो ‘दिवसातला सर्वोत्तम पास’ असतो, दुसऱ्या बातमीत सॅक. म्हणून रोज हजर राहून दोघांनाही एकाच पट्टीने मोजणारा एक वार्ताहर निवडावा आणि महिनाभर त्याच्याच नोंदी धराव्यात. तीन जणांचे आकडे एकत्र केले की पट्ट्याच मिसळतात.

दिवसाचा विषय कोणता होता हेही महत्त्वाचं. सांघिक सरावातले डाव प्रशिक्षकाने आधीच लिहून आणलेले असतात. रेड झोनच्या दिवशी, म्हणजे शेवटच्या २० यार्डांत, जागाच आखडलेली असते आणि सगळ्यांची टक्केवारी पडते. तिसऱ्या डाउनचा (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याचा) दिवस असला की बचाव ब्लिट्झ आणतो, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं धाडतो. पहिल्या डाउनचे नवे डाव बसवायच्या दिवशी मात्र मोकळे झेल मिळतात. कोल्ट्सनी केलं तसं दोघांना पहिल्या फळीबरोबर आळीपाळीने उतरवलं, तर एकाच्या वाट्याला अवघड दिवस आणि दुसऱ्याच्या वाट्याला सोपा दिवस येणं सहज शक्य. अशा दोन दिवसांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

मग बातम्यांत आकडेच इतके का? कॅम्पमध्ये वार्ताहरांना सराव बघता येतो, पण मांडणी आणि खास डाव यांबद्दल लिहायला क्लब सहसा मनाई करतात. लिहिण्यासारखं जे उरतं त्यात पास मोजणं सर्वांत सोपं.

सात विरुद्ध सात, अकरा विरुद्ध अकरा

सात विरुद्ध सातमध्ये दोन्ही बाजूंचे लाइनमन (चेंडूपाशी समोरासमोर भिडणारे खेळाडू) नसतात, त्यामुळे क्वार्टरबॅकच्या अंगावर कोणी धावून येत नाही. ते म्हणजे थ्रोडाउनवर केलेली फलंदाजी. तिथे ७० टक्क्यांहून जास्त पास पूर्ण व्हायलाच हवेत. उपयोगाची खूण एकच: तिथेही चेंडू उशिरा सुटत असेल किंवा इंटरसेप्शन होत असतील तर ती धोक्याची घंटा. चांगल्या आकड्याला तिथे किंमत नाही, वाईट आकड्याला आहे.

कॅम्पच्या पहिल्या काही दिवसांचं असंच. तेव्हा पूर्ण पॅड घालता येत नाहीत. मे-जूनच्या सरावात तर पॅडही नसतात आणि अंगाला अंग भिडणंही नसतं. ‘चेंडू हातातून कसा सणसणत सुटतोय’ अशी वाक्यं नेमकी याच काळात जास्त येतात. ती वाचून पुढे जावं.

वाटणी: कोणाबरोबर, कितीदा, कोणत्या क्रमाने

आमच्या मते अर्धी लढाई इथे कळते. पहिल्या फळीच्या संधी कोणाला किती मिळाल्या, हे प्रशिक्षकाने कृतीतून दिलेलं मत असतं. सरावाचा वेळ मोजका असतो आणि प्रत्येक स्नॅप, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे येऊन सुरू होणारा एकेक डाव, कोणाला तरी नाकारून दुसऱ्याला दिलेला असतो. तो वाया घालवणं प्रशिक्षकाला परवडत नाही.

वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. समसमान वाटणी केव्हा मोडते. ठरलेल्या आळीपाळीत एकाला सलग दोन दिवस पहिली फळी मिळाली तर ते का, हे त्याच दिवशीच्या बातम्यांत धुंडाळावं. दुसरं, दोन मिनिटांच्या सरावात पहिल्या फळीबरोबर कोण उतरतो. घड्याळ चालू, हडल (डावाआधीचा घोळका) नाही, डाव क्वार्टरबॅकने ओरडून सांगायचे; प्रशिक्षक हे काम विश्वासातल्या माणसाला देतो. तिसरं, दुसऱ्या संघाबरोबरच्या संयुक्त सरावात पहिला मान कोणाचा. समोरच्या बचावाचे इशारे ओळखीचे नसतात, त्यामुळे आजकाल अनेक प्रशिक्षक सराव सामन्यापेक्षा संयुक्त सरावाला जास्त वजन देतात.

दुसऱ्या फळीबरोबर खेळणाऱ्याचं माप वेगळं लावावं. समोर बचावही दुसऱ्या फळीचा असतो म्हणून हिशेब फिटला असं वाटतं, पण तसं होत नाही. कच्चे झेलणारे कच्च्या कॉर्नरबॅकसमोर कसेबसे चालून जातात. कच्चे लाइनमन मात्र पास टाकायच्या खेळात फार लवकर फुटतात आणि क्वार्टरबॅकला तिसरा पर्याय बघायला वेळच मिळत नाही.

कोल्ट्सच्या बाबतीत वाटणीची गोष्ट कॅम्पच्या आधीच, जूनमध्ये सुरू झाली. रिचर्डसनचा चेंडू फेकायचा खांदा पुन्हा दुखावला आणि सक्तीच्या मिनिकॅम्पमध्ये तो टाकू शकला नाही. जोन्स या आक्रमणाला नवखा होता. ज्याची त्याला कमतरता होती नेमकं तेच, पहिल्या फळीबरोबरचे स्नॅप, त्याला जूनमध्ये मिळाले. जुलैत ‘समान संधी’ जाहीर झाली तेव्हा नवख्याची पिछाडी भरून निघालेली होती. बातम्या पुढे खांदा बरा झाल्याच्या आल्या. वही ठेवणाऱ्याने मात्र हे जूनचे दिवस जोन्सच्या खात्यात लिहायला हवे होते.

स्नॅपच्या आधीचं काम

दोन डावांमध्ये घड्याळ ४० सेकंदांचं असतं. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या रेडिओतून येतो आणि घड्याळावर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्याच्या आधी डाव ऐकायचा, हडलमध्ये दहा जणांना चुकल्याशिवाय सांगायचा, लाइनवर यायचं, समोरचे कोण येणार आणि कोण मागे सरणार याचा अंदाज बांधायचा, लाइनला कोणाला अडवायचं ते सांगायचं, गरज पडली तर डाव बदलायचा. हे सगळं चेंडू हातात येण्याआधी. टीव्हीवर दिसतं ते याच्या नंतरचं.

७ ऑगस्ट २०२५ ला बाल्टिमोरमध्ये पहिल्या सराव सामन्याची सुरुवात रिचर्डसनने केली. एका डावात कडेने बाल्टिमोरचा बचावपटू डेव्हिड ओजाबो कोणीही न अडवता आत शिरला, रिचर्डसन त्याच्या अंगाखाली गेला आणि उजव्या हाताची करंगळी निखळली. तो परत मैदानात आला नाही. दुसऱ्या दिवशी सगळा जोर करंगळीवर होता: किती दिवस, पट्टी बांधून खेळेल का. वाचकाने मात्र त्याच्या आधीचे दोन सेकंद बघायला हवे होते.

अडवणारे पाच आणि येणारे सहा असतील तर एक जण मोकळा सुटणारच. अशा वेळी क्वार्टरबॅकपुढे तीन वाटा असतात. लाइनला त्या बाजूला सरकायला सांगायचं, म्हणजे मोकळा राहणारा माणूस दूरच्या बाजूचा ठरतो. रनिंग बॅकला धावायला न पाठवता अडवायला थांबवायचं. नाहीतर तो मोकळा माणूस जिथून निघाला तिथेच, झटकन, चेंडू टाकायचा. तिन्हींची पहिली अट एकच, ती म्हणजे तो येणार हे आधी दिसायला हवं. जो मोकळा आलेला दिसतच नाही तो क्वार्टरबॅक कितीही बलवान असो, त्याच्यामागे प्रशिक्षकाला डाव आखता येत नाही.

बातम्यांतून हे कौशल्य थेट कळत नाही, पण खुणा सापडतात. घड्याळ संपल्यामुळे थांबलेला डाव, पुन्हा भरवलेला हडल, चुकीच्या बाजूला उभा राहिलेला झेलणारा, सेंटरचा चेंडू आधीच सुटणं, प्रशिक्षकाने सगळ्या फळीला परत बोलावणं. ‘ऑपरेशन’, म्हणजे स्नॅपच्या आधीचं हे सगळं कामकाज, हा शब्द बातमीत आला की थांबून दोनदा वाचावा. १९ ऑगस्टला कोल्ट्सचे मुख्य प्रशिक्षक शेन स्टायकेन यांनी जोन्सची निवड जाहीर केली तेव्हा कारणांत सातत्य होतं, लाइनवरचं कामकाज होतं, प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठीची अडवणूक) होतं, चेंडू नेमका ठेवणं आणि पूर्ण पासांचं प्रमाणही होतं. म्हणजे हाताच्या ताकदीबद्दल काहीच नाही, आणि यादीतला बराचसा भाग स्नॅपच्या आधीचा.

सराव सामने: आकडा बघू नका, क्रम बघा

त्याच बाल्टिमोरच्या सामन्यात जोन्सचे २१ पैकी १० पासच पूर्ण झाले. ४८ टक्केही नाही. बारा दिवसांनी जागा त्याचीच.

त्याच ऑगस्टमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सकडे या जागेसाठी चौघे होते. पाचव्या फेरीत निवडलेल्या शदूर सँडर्सने ८ ऑगस्टला कॅरोलिनामध्ये २३ पैकी १४ पास, १३८ यार्ड, २ टचडाउन अशी सुरुवात केली आणि सगळीकडे त्याचंच नाव झालं. पण त्या दिवशी त्याला सुरुवात का मिळाली? केनी पिकेट आणि डिलन गॅब्रिएल दोघंही मांडीच्या मागच्या स्नायूमुळे बाहेर होते, आणि अनुभवी जो फ्लॅकोला संघाने बसवून ठेवलं होतं. खाली बसवलेला माणूस हीच खरी बातमी. १८ ऑगस्टला फ्लॅकोचं नाव जाहीर झालं. २३ ऑगस्टला सँडर्स रॅम्सविरुद्ध उतरला तेव्हा ६ पैकी ३ पास, १४ यार्ड आणि पाच सॅक. दोन आठवड्यांत खेळाडू तेवढा बदलत नाही. बदललेली असते आजूबाजूची माणसं आणि समोरचा दबाव.

क्रम बदलला की मात्र कान टवकारावेत. २०१२ मध्ये सिॲटलने मॅट फ्लिनला १ कोटी डॉलरची हमी देऊन आणलं होतं, आणि तिसऱ्या फेरीत ७५ व्या क्रमांकावर रसेल विल्सनला निवडलं होतं. पहिले दोन सराव सामने फ्लिनने सुरू केले. तिसरा, कॅन्सस सिटीतला, फ्लिनचं कोपर दुखत असताना विल्सनला मिळाला. १९ पैकी १३ पास, १८५ यार्ड, २ टचडाउन, आणि ४४-१४ असा विजय. दोन दिवसांनी जागा विल्सनची झाली. २०२४ मध्ये डेन्व्हरच्या बो निक्सचंही तसंच. पहिल्या सामन्यात तो जॅरेट स्टिडमनंतर आला, दुसरा त्याने सुरू केला. दोन्ही मिळून ३० पैकी २३ पास झाले, पण ते नसते तरी दुसऱ्या सामन्याचा मान पुरेसा बोलका होता.

२०२१ पासून बहुतेक संघांना सराव सामने तीनच मिळतात, पूर्वी चार असायचे. जुन्या काळी तिसरा सामना रंगीत तालीम मानला जाई. आता ती जागा कधी दुसऱ्या सामन्याने घेतली आहे, कधी संयुक्त सरावाने. जुना ठोकताळा आंधळेपणाने लावू नये.

गैरहजेरी

क्वार्टरबॅकची चुरस अनेकदा खेळून नव्हे तर न खेळल्याने सुटते. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यू इंग्लंडचा कॅम न्यूटन कोविड चाचणीच्या नियमांतल्या गैरसमजामुळे पाच दिवस सरावाला मुकला. ते स्नॅप मॅक जोन्सला मिळाले आणि ३१ ऑगस्टला न्यूटन संघाबाहेर होता. २०२२ मध्ये सिॲटलच्या ड्रू लॉकला शिकागोविरुद्धचा सामना सुरू करायचा होता, त्याच आठवड्यात त्याला कोविड झाला. शेवटच्या सामन्यात डॅलसमध्ये त्याने तीन इंटरसेप्शन दिले आणि जीनो स्मिथची जागा पक्की झाली.

उलट उदाहरणही लक्षात ठेवावं. २०२४ मध्ये पिट्सबर्गच्या रसेल विल्सनची पोटरी कॅम्पच्या पहिल्याच दिवशी दुखावली, बरेच दिवस गेले, तरी तेव्हाचे प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी त्याचंच नाव जाहीर केलं. पोटरीने पुन्हा दगा दिला आणि पहिले सहा सामने जस्टिन फील्ड्स खेळला, चार जिंकले. म्हणून गैरहजेरीचं वजन दोन प्रश्नांवर ठरवावं: हुकलेले दिवस पॅडचे आणि पहिल्या फळीचे होते का, आणि तो खेळाडू त्या आक्रमणात जुना आहे की नवा. जुन्याला आठवडा परवडतो. तरुण आणि अनुभव कमी असलेल्याला नाही. रिचर्डसन दुसऱ्या गटात होता.

प्रशिक्षकाच्या बोलण्याबद्दल थोडक्यात. ‘दोघंही छान करताहेत’ हे वाक्य शून्य. ‘अजून थोडा वेळ घेऊ’ म्हणजे बहुधा आघाडीवरचा माणूस त्यांना हवा होता तितका पुढे गेलेला नाही. विशिष्ट कौशल्याचं नाव घेऊन केलेली तक्रार मात्र जपून ठेवावी, ती निर्णयाच्या दिवशी परत येते. पहिल्या सराव सामन्याआधी येणारी अनधिकृत क्रमवारी बहुतेक ठिकाणी प्रसिद्धी विभाग तयार करतो, तिच्यावर रात्र घालवू नये.

दोघं शेजारी शेजारी

सुरुवात कोण करणार यासाठी दहा खडे वाटायचे असतील तर आम्ही चार पहिल्या फळीच्या वाटणीला आणि क्रमाला देऊ, तीन स्नॅपच्या आधीच्या कामाला आणि सॅकला, दोन हजेरीला, एक करार, ड्राफ्टचा क्रमांक आणि मागचा इतिहास यांना मिळून. पासांच्या टक्केवारीला बरोबरी झाली तरच हात लावायचा.

१८ ऑगस्टच्या रात्री कोल्ट्सचा हिशेब असा निघतो. वाटणीत कॅम्पपुरती बरोबरी, पण जून धरला तर जोन्स किंचित पुढे; चारपैकी अडीच त्याचे. स्नॅपच्या आधीच्या कामात जोन्स स्पष्ट पुढे, तिन्ही खडे त्याचे. हजेरीत खांदा आणि करंगळी, दोन्ही रिचर्डसनच्या विरुद्ध गेले, तिथेही दोन जोन्सचे. करार आणि ड्राफ्ट रिचर्डसनच्या बाजूने, कारण चौथ्या क्रमांकाची निवड वाया गेली हे कबूल करणं कुठल्याही क्लबला जड जातं. साडेसात विरुद्ध अडीच. त्या आठवड्यात चुरस ‘अटीतटीची’ म्हणून छापून येत होती, पण खडे तसे पडत नव्हते.

फॅन्टसीचा प्रश्न वेगळा. नेहमीच्या गुणपद्धतीत पासाच्या २५ यार्डांना १ गुण, धावण्याच्या १० यार्डांना १, टचडाउन पासाला ४, धावून केलेल्या टचडाउनला ६. त्यामुळे अनेकांनी रिचर्डसनला पाठबळ दिलं, पायांमुळे. २०२४ मध्ये धावण्यातून त्याचे प्रत्येक सामन्याला सुमारे ७.८ गुण होतात, हे खरं. पण जोन्सच्या २०२२ च्या हंगामाचा तोच हिशेब करा: १६ सामन्यांत ७०८ यार्ड आणि ७ टचडाउन, म्हणजे सामन्यामागे ७ गुण. अंतर एका गुणाचंसुद्धा नाही, आणि पासांत जोन्स बराच पुढे. लोकांच्या डोळ्यांसमोर २०२४ चा थकलेला जोन्स होता, म्हणून तो शेवटच्या फेऱ्यांपर्यंत शिल्लक राहिला. पहिल्याच सामन्यात मायामीवर ३३-८ असा विजय मिळाला, त्यात त्याचे पासाचे २७२ यार्ड, एक टचडाउन पास आणि धावून दोन टचडाउन. धावलेले यार्ड न धरताही २६ च्या वर गुण.

इतका चांगला खेळ कॅम्पच्या बातम्यांत दिसत होता का? नाही. जीनो स्मिथ २०२२ मध्ये ६९.८ टक्क्यांसह लीगमध्ये पहिला येईल, ३० टचडाउन पास टाकेल, हेही त्या ऑगस्टवरून सांगणं अशक्य होतं. नाव कळतं, उंची कळत नाही. म्हणून अशा चुरशीतल्या विजेत्यावर वरच्या फेरीतली निवड खर्च करू नये. शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत, दुसरा क्वार्टरबॅक म्हणून घ्यावा. दोन क्वार्टरबॅक लागणाऱ्या लीगमध्ये मधल्या फेरीत घ्यायला हरकत नाही.

तुमच्या फॅन्टसी लीगचा ड्राफ्ट निर्णयाच्या आधी असेल तर वहीत दोघांसाठी सहाच रकाने पाडा: तारीख, पॅड होते की नाही, पहिल्या फळीबरोबर कोण, सॅक किंवा मोकळा आलेला रशर, लाइनवरचे घोटाळे, दोन मिनिटांच्या सरावाचा शेवट. दहा दिवसांच्या नोंदी पुरतात. पासांचा रकाना ठेवायचाच असेल तर शेवटी, पेन्सिलीने.

आणि हरलेल्याला लगेच सोडू नका. ऑगस्टच्या अखेरीस ९० जणांचे ५३ करायचे असतात, त्या दोन-तीन दिवसांत अदलाबदली होतात आणि हरलेला क्वार्टरबॅक दुसरीकडे पहिला होऊ शकतो. ती तारीख उलटेपर्यंत राखीव जागा त्याच्यासाठी ठेवा. खोल राखीव यादीच्या लीगमध्ये अजून थोडं थांबावं की नाही, हे विजेत्याच्या दुखापतींच्या इतिहासावर ठरवा. जोन्स डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलला टाचेमागचा अकिलीज स्नायुरज्जू तुटून हंगामाबाहेर गेला. तोवर रिचर्डसनही डोळ्याजवळच्या हाडाच्या फ्रॅक्चरमुळे जखमींच्या यादीत होता, आणि कोल्ट्सनी ४४ वर्षांच्या फिलिप रिव्हर्सला निवृत्तीतून बोलावून आणलं.